निळ्या उजेडाचा भाव

सुरतेत मोठे धंदे दोन, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बेतानंच. रिंगरोडवरचा कापडवाला हिऱ्याबद्दल ऐकीव बोलतो, वराछ्याचा हिरेवाला साडीतलं काय ते बायकोला विचारतो. तरी दोघांच्या मालात एकच करामत दडलेली आहे. माल जरासा पिवळट असला, तर तोच माल थोडा निळा उजेड बाहेर टाकतो आणि पिवळेपणा डोळ्याला जाणवेनासा होतो. कापडात ही करामत पैसे मोजून घालून घेतात. हिऱ्यात ती निसर्गानं फुकट घातलेली असते, आणि तिच्यापायी भाव तुटतो.

माझे वडील अमळनेरचे. भुसावळ-सुरत गाडीनं उधन्याला उतरले आणि एका खात्यात सांच्यावर लागले. लूमला इथे सांचा म्हणतात. पुढे पांडेसराच्या एका डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर गेले. पांढऱ्या मालाची पाळी असली की घरी आल्यावर ते ओबीएबद्दल बोलत. ओबीए म्हणजे कापड उजळ करणारं रसायन. १३० अंशांच्या पाण्यात पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरून बसायचं. त्या आधीच्या पिढीनं हेच काम घरी बादलीत केलं होतं, टिनोपाल घालून. वडील म्हणायचे, "धुण्यानं पांढरं होत नाही, फसवण्यानं होतं." मी विज्ञान शिकवायला लागले तेव्हा मला हे वाक्य पटेनासं झालं. ओबीए सूर्यप्रकाशातला अदृश्य अतिनील भाग गिळतं, साधारण ३५० ते ३७० नॅनोमीटरचा, आणि त्या बदल्यात ४३५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश सोडतं. तो निळा प्रकाश भास नसतो. तो मोजता येतो, त्याचा फोटो निघतो. उन्हात वाळत घातलेला सदरा त्याच्यावर पडलेल्या निळ्या प्रकाशापेक्षा थोडा जास्तच निळा परत देत असतो. यात फसवणूक कुठली?

माझा भाचा हिऱ्यात आहे. घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर बसणारा रत्नकलाकार नव्हे, तयार माल तपासणाऱ्या एका लॅबमधला. त्याच्याकडून मी ३६५ नॅनोमीटरची एक टॉर्च घेतली आणि रात्री दिवे घालवून स्वयंपाकघरावर रोखली. बी-कॉम्प्लेक्सची गोळी हिरवट पिवळी पेटली, ते रायबोफ्लेविनचं काम. तेलातली हळद तशीच. स्पिरिटमध्ये कुसकरून गाळलेला पालक, दिवसा इतका हिरवा, चक्क लाल दिसला. "आत्या, तू हिऱ्याची टॉर्च भाजीवर मारतेस!" असं म्हणून भाचा हसला, पण मग त्यानंच ती खिशातल्या नोटेवर मारून नंबर चमकवून दाखवला. खान्देशात उन्हाळ्याच्या रात्री गोठ्याच्या भिंतीवर ती मारली असती तर विंचूही हिरवे-निळे उजळले असते. विंचवाला त्याचा काय उपयोग, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

या सगळ्यात घडतं ते एकच. रेणूवर प्रकाशाचा एक कण आदळतो आणि रेणू वरच्या पायरीवर जातो. तिथे तो स्वस्थ बसत नाही. सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही हजाराव्या भागात थरथरून थोडी ऊर्जा आजूबाजूला उष्णता म्हणून सांडून टाकतो आणि त्या पायरीच्या तळाशी येतो. मग काही नॅनोसेकंदांनी खाली उतरताना उरलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सोडतो. थोडी सांडलेली असल्यामुळे परत आलेला प्रकाश आत गेलेल्यापेक्षा नेहमी जरा लालाकडे झुकलेला. केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सनं हे १८५२ मध्ये दाखवलं. क्विनाइनच्या द्रावणाची नळी त्यानं लोलकातून पडलेल्या वर्णपटात सरकवत नेली. जांभळा रंग संपला, डोळ्याला पुढे काही दिसेना, आणि नेमकी तिथे नळी निळी पेटली. या प्रकाराला त्यानं ज्या खनिजावरून नाव दिलं ते फ्लुओरस्पार आमच्या गुजरातेतही आहे, छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबाडुंगरला. कडीपाणीला त्याचा सरकारी कारखाना उभा राहिला.

प्रयोगशाळेत अशा पदार्थाचे दोन आलेख काढतात. कोणत्या प्रकाशानं तो चेततो त्याचा एक, आणि चेतल्यावर काय सोडतो त्याचा दुसरा. एकच आलेख देऊन कुणी पदार्थाचा "रंग" सांगत असेल तर त्यानं अर्धीच गोष्ट सांगितली. कशानं विचारलं हे कळल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

आता हिरा. अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेकडे तपासणीला येणाऱ्या हिऱ्यांपैकी २५ ते ३५ टक्के हिरे लांब लहरीच्या अतिनील दिव्याखाली कमीअधिक चमकतात, आणि त्यांतले ९५ टक्क्यांहून अधिक निळे. प्रमाणपत्रावर त्याच्या पाच पायऱ्या असतात: नन, फेंट, मीडियम, स्ट्राँग, व्हेरी स्ट्राँग. महीधरपुऱ्याच्या गल्लीत उभ्याउभ्या पडीकुं, म्हणजे हिऱ्यांची कागदी पुडी उघडून आयग्लासमधून बघणाऱ्या दलालाला या पाच पायऱ्या पाढ्यासारख्या पाठ. निळा उजेड येतो तो जाळीतल्या एका जागेतून. कार्बनच्या रचनेत एक अणू गायब असतो आणि त्या रिकाम्या जागेभोवती तीन नायट्रोजन बसलेले असतात. गंमत अशी, की हीच जागा जांभळा प्रकाश शोषून हिऱ्याला किंचित पिवळी झाकही देते. म्हणजे डाग आणि डाग झाकणारा हात एकाच पत्त्यावर राहतात.

मग बाजार चिडतो कशावर? अगदी पांढऱ्या, डी-ई-एफ रंगाच्या हिऱ्यात जोरदार निळा असेल तर तो कधी कधी दुधाळ दिसतो, ही तक्रार. असे दुधाळ हिरे फार थोडे असतात, पण शिक्षा सगळ्यांना. जीआयएनं १९९७ मध्ये यावर एक अभ्यास छापला. सामान्य माणसांना चमकणाऱ्या आणि न चमकणाऱ्या हिऱ्यांत फरक सांगता आला नाही. जाणकारांनी वरून बघताना जोरदार निळ्या हिऱ्यांचा रंग उलट चांगला ठरवला. भावाच्या पत्रकावर मात्र टक्के तुटतच राहिले. एकदा तक्त्यात शिरलेला पूर्वग्रह अभ्यासानं निघत नाही. हे मी शाळेच्या निकालपत्रकांतही पाहिलेलं आहे.

हिऱ्याच्या या निळ्याचा भारतात कसून अभ्यास झाला तो बंगळुरूला, सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत. त्या कामातलं जे नाव मला शाळेत मुलींना सांगायला आवडायचं ते अण्णा मणींचं. १९१८ मध्ये त्रावणकोरातल्या पीरमेडला जन्मलेल्या या बाई १९४० च्या सुमारास रामन यांच्याकडे आल्या आणि हिरे नि माणकांचा उजेड मोजायला बसल्या. हिऱ्याचा उजेड इतका मंद, की एका वर्णपटासाठी फोटोची काच पंधरा-वीस तास उघडी ठेवावी लागे. म्हणजे रात्रभर जागरण आणि सकाळी एक राखाडी पट्टी. त्या पट्ट्यांत ४१५२ अँगस्ट्रॉमची एक रेषा शोषणातही दिसायची आणि उत्सर्जनातही. एका बाजूला शोषणाचे पट्टे, दुसऱ्या बाजूला उत्सर्जनाचे, जणू ती रेषा आरसाच. निळ्या हिऱ्याचे ते दोन आलेख असे एकमेकांसमोर उभे होते.

रामन यांचं मत होतं की हा उजेड हिऱ्याच्या मूळ रचनेचाच आहे, कसल्या भेसळीचा नाही. त्यावरून परदेशी शास्त्रज्ञांशी त्यांचे कडक वाद झाले. १९५९ मध्ये बेल लॅबमधल्या कैसर आणि बाँड यांनी बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजन असल्याचं दाखवलं आणि वाद रामन यांच्या विरुद्ध बाजूला कलला. मणींच्या काचांचं मात्र काही बिघडलं नाही. रेषा होती तिथेच राहिली, स्पष्टीकरण तेवढं बदललं. विद्यापीठानं त्यांना पीएच.डी. दिली नाही, कारण त्यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती. एकटीच्या नावावर छापलेले शोधनिबंध होते, पण ते चालले नाहीत. त्या इंग्लंडला गेल्या, हवामानाची उपकरणं शिकल्या आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. देशभर ऊन मोजणाऱ्या यंत्रांचं जाळं उभं राहण्यात त्यांचा मोठा हात आहे. उजेड मोजायची सवय सुटली नव्हती.

असाच उजेड देणाऱ्या प्रथिनांकडे मला माझ्या एका विद्यार्थिनीनं नेलं. लिंबायतच्या मराठी शाळेतली मुलगी, आता मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक किड्यांवर काम करते. तिनं मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं आणि निळा दिवा लावला. जिवंत, वळवळणाऱ्या किड्याच्या अंगात एकेक मज्जापेशी हिरवी उजळली, धागा न् धागा. "टीचर, हे जेलीफिशचं आहे," ती म्हणाली.

जेलीफिश अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, आणि तो पकडणारे ओसामू शिमोमुरा जपानचे. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते त्या शहराजवळच राहत होते, सोळा वर्षांचे होते. १९६१ च्या उन्हाळ्यात फ्रायडे हार्बरला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुमारे दहा हजार जेलीफिश गोळा केले, त्यांच्या कडा कापल्या आणि त्यातून निळा उजेड देणारं एक प्रथिन वेगळं केलं. सोबत थोडं हिरवं चमकणारं दुसरं प्रथिन निघालं. मोठं नाव पुढे त्या सोबतच्या प्रथिनाला मिळालं.

त्याची रचना मला हिऱ्याच्या जाळीइतकीच सुंदर वाटते. २३८ अमिनो आम्लांची साखळी. तिच्यातली ६५, ६६ आणि ६७ क्रमांकाची तीन, सेरिन, टायरोसिन आणि ग्लायसिन, हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीनं आपापसात जुळून एक वलय करतात. रंग तोच. बाहेरून कसलं रसायन लागत नाही, म्हणून ते किड्यातही चालतं नि माणसाच्या पेशीतही. उरलेली साखळी अकरा पट्ट्यांचं पिंप होऊन त्या वलयाभोवती उभी राहते. आणि इथे खरी गोष्ट आहे. ते वलय पिंपाबाहेर काढून साध्या पाण्यात सोडलं तर जवळजवळ चमकतच नाही. शोषतं, हलतं-वळतं, आणि सगळी ऊर्जा उष्णतेत घालवतं. पिंपाच्या भिंतींनी गच्च धरून ठेवलं तरच ते उजेड देतं.

मग लोकांनी भिंतींशी खेळायला सुरुवात केली, त्यात पुढे होते रॉजर चिएन. मूळ प्रथिन ३९५ नॅनोमीटरला जोरात चेततं, ४७५ ला थोडं कमी, आणि कुठल्याही दारानं आत शिरा, बाहेर साधारण ५०९ चाच हिरवा येतो. चिएन यांनी ६५ क्रमांकाचं सेरिन काढून थ्रिओनिन बसवलं. दोन दारांचं एकच झालं, ४८९ ला, आणि उजेड राहिला ५११ च्या आसपास. विचारण्याची रीत बदलली, उत्तर जवळपास तेच. ६६ ला टायरोसिनऐवजी हिस्टिडिन घातलं की उजेड निळा, ट्रिप्टोफॅन घातलं की आकाशी. हे समजण्यासारखं आहे, वलयाचाच अवयव बदलला. पण मला भुरळ पडली ती २०३ क्रमांकाची. ते आम्ल वलयात नाहीच. साखळीत ते सव्वाशेहून जास्त जागा लांब आहे, पण पिंप घडी घालून उभं राहतं तेव्हा बरोबर वलयाच्या शेजारी येऊन बसतं. तिथे टायरोसिन ठेवलं, की दोन चपटी वलयं एकमेकांना लागून बसतात आणि उजेड ५२७ पर्यंत सरकतो, पिवळ्याकडे. रंग देणाऱ्याला कुणी हातही लावलेला नाही. नुसता शेजारी बदलला.

उधन्यात वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. आमच्या घरात आजीची अहिराणी, शाळेची मराठी आणि दुकानाची गुजराती एकाच वाक्यात नांदतात, आणि अमळनेरची भावंडं म्हणतात की तुमचा सूरच बदलला.

लाल रंग जेलीफिशमधून निघेना. तो १९९९ मध्ये रशियन शास्त्रज्ञांना मिळाला, हौशी लोक काचेच्या टाकीत पाळतात त्या पोवळ्याच्या जातीच्या प्राण्यांत. ५५८ ला चेततो, ५८३ ला उजळतो. अडचण एवढीच की तो एकटा राहत नसे, चार-चार रेणू एकमेकांना चिकटलेले. एकेकटा करायला ३३ ठिकाणी फेरफार करावे लागले. पुढे चिएन यांच्या प्रयोगशाळेनं त्याच घराण्यातून फळांच्या नावांची रांग काढली, चेरी, संत्रं, प्लम वगैरे. त्या प्रथिनांचा तक्ता बघताना मला वडिलांच्या मिलमधलं शेडकार्ड आठवलं. प्रत्येक शेडला नंबर, आणि नंबरासमोर कृती. फक्त इथे प्रत्येकासमोर दोन आकडे असतात, चेततं कुठे आणि उजळतं कुठे. चेरी ५८७ आणि ६१०.

२००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि चिएन यांना मिळालं. चाल्फींनीच १९९४ मध्ये ते प्रथिन किड्याच्या मज्जापेशींत उजळवून दाखवलं होतं, माझी विद्यार्थिनी त्याच वाटेनं चालली आहे. जनुक मात्र १९९२ मध्ये डग्लस प्रॅशरनं वेगळं केलं होतं. अनुदान संपलं तेव्हा त्यानं ते चाल्फी आणि चिएन या दोघांनाही पाठवून दिलं. पारितोषिक जाहीर झालं तेव्हा तो अलाबामात मोटारीच्या एका शोरूमची गाडी चालवत होता. चाल्फी आणि चिएन यांनी त्याला आपल्या खर्चानं स्टॉकहोमला नेलं, हे त्यांच्या जमेला धरते. अण्णा मणींना बोलावणारं कुणी नव्हतं. पण त्यांना बोलावण्याची गरजही वाटली नसावी, असं त्यांच्या पुढच्या कामाकडे बघून वाटतं.

सुरतेला या सगळ्या शेजारशास्त्राची गरज आता पडली आहे, कारण इथे हिरे उगवायला लागले. वायूतून थर चढवून वाढवलेल्या हिऱ्याला बाजारात नुसतं सीव्हीडी म्हणतात. २०२३ च्या जूनमध्ये पंतप्रधानांनी जिल बायडेन यांना दिलेला साडेसात कॅरटचा हिरा प्रयोगशाळेतला होता आणि सुरतेचा होता. त्याच डिसेंबरात खजोदला डायमंड बोर्सची अवाढव्य इमारत उघडली. सीव्हीडी आणि खाणीतला हिरा रसायनानं एकच, घंटीवर घासताना दोन्ही सारखेच चिवट. ओळखायचं कसं? पुन्हा शेजारी बघून. सीव्हीडीत बरेचदा एका रिकाम्या जागेला एकच नायट्रोजन लागून असतो, आणि असा जोड नारिंगी-लाल उजेड देतो, ५७५ आणि ६३७ च्या रेषांचा. तीन नायट्रोजन एका जागेभोवती जमायला जमिनीखालच्या उष्णतेत कोट्यवधी वर्षं जावी लागतात. यंत्रात दोन-चार आठवड्यांत वाढलेल्या दगडाकडे तेवढा वेळ नसतो.

अर्थात कारखानदारही वाढवलेला दगड पुन्हा तापवून शेजार बदलून टाकतात, मग नारिंगीचा हिरवट होतो आणि नुसती टॉर्च पुरत नाही. भाच्याच्या लॅबमध्ये २२५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाचं यंत्र आहे. त्यात दगड कसा वाढत गेला त्याच्या रेघा उमटतात. दाबात वाढवलेले काही हिरे दिवा बंद केल्यावरही क्षणभर उजळत राहतात. खाणीतला प्रसिद्ध होप हिराही असाच मागे लाल निखाऱ्यासारखा राहतो. तो ज्या मोठ्या निळ्या दगडातून कापला तो युरोपात नेणारा फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए सुरतेच्या बंदरातून ये-जा करायचा, शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्याच काळात. १६६४ साली कुणी इथल्या तिजोऱ्यांवर ही टॉर्च मारली असती तर काय काय उजळलं असतं, हा विचार मी अनेकदा करते.

या वर्षी भाच्याचं लग्न ठरलं आणि अंगठीचा प्रश्न आला. मी म्हटलं, 'जे' रंगाचा, म्हणजे जरासा पिवळट, मीडियम निळ्याचा नॅचरल घे. स्वस्त पडेल, उन्हात एक-दोन पायऱ्या पांढरा दिसेल, आणि असा निळा सीव्हीडीत सहसा सापडत नाही. भाच्याला पटलं, त्याचा धंदाच तो. वहिनी अडून बसल्या. "पण कागदावर फ्लोरोसन्स लिहून येतो ना? उद्या विहीणबाईंनी वाचलं तर? मोडायला गेलो तर कापतील ना?" मी त्यांना रामन, मणी, तीन नायट्रोजन सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकून घेत होत्या, जसं माझे विद्यार्थी ऐकायचे. शेवटी मी म्हटलं, तुम्हीच बघा.

महीधरपुऱ्यात दुपारी बाराच्या उन्हात दलालानं दोन दगड कागदावर ठेवले, एक नन, एक मीडियम, दोन्ही जे. वहिनींनी दोन्ही उलटेपालटे केले, सावलीत नेले, परत उन्हात आणले, आणि न विचारता मीडियमवर बोट ठेवलं. "हाच जास्त पांढरा." दलाल खूश झाला. मग त्यांनी त्याच्याकडे मान वळवली आणि कोऱ्या चेहऱ्यानं विचारलं, "याच्यात फ्लोरोसन्स आहे म्हणता ना? मग अजून किती टक्के कमी करणार?"